वेणूच्या अंगणातली बंद खिरापत

मागील लेखात मी लिहिले होते की नागपूर-कामठीकडे भुलाबाईची गाणी बंद पडत चालली. ते चूक आहे. गाणी चालू आहेत. ओस पडले ते कामठीतले माझे एकटीचे अंगण.

हे कळले माझ्या मावसबहिणीमुळे, वेणूमुळे. नागपुरात गिरणीच्या चाळीत वेणूकडे भुलाबाईला पाय ठेवायला जागा नसते, असे कानावर आले आणि मला जेवण गोड लागेना. सगळी गाणी तिने माझ्याकडून घेतलेली. सूर तर अजून कच्चाच. आई म्हणाली, "शनिवार, त्यात अमावस्या. काहून चालली वं?" तरी दादाला घेऊन मी सकाळच्या गाडीत बसले.

जाणाऱ्या भगिनींनी फराळ घरून न्यावा आणि टांग्याचे भाडे आधी बोलून घ्यावे. आम्ही बसल्यावर विचारले. जुम्मा तलाव येईपर्यंत दादा टांगेवाल्याशी भांडत होता.

संध्याकाळी गिरणी सुटली आणि अंगण भरले. ओसरीवर मातीची भुलाबाई, एका बाजूला तेलंगी बायकांनी रचलेली फुलांची रास, दुसरीकडे छत्तीसगडी बायकांचा टोपलीतला मातीचा पोपट. फेर मात्र एकच. एक गाणे आमचे, एक तेलंगी, एक छत्तीसगडी. कोणी शब्द चुकली तर वेणू हसून पुढे जाई. मी थांबवून पुन्हा म्हणायला लावले असते. काकांनी मला घरी गाणे असेच शिकवले, मी कामठीच्या मुलींना. त्या एकेक करून यायच्या का थांबल्या, ते टाळ्या वाजवताना मला कळले, आणि वेणूचा आणखीच राग आला.

शेवटी खिरापत. बंद डबा हलवून आतला पदार्थ ओळखायचा. ओळखेपर्यंत किंवा हरल्याचे कबूल करेपर्यंत कोणालाच खायला नाही. यात मी कधी हरले नव्हते.

"चकली. शेव. कडबोळी."

"नाही, नाही, नाही."

दिवसभर गिरणीत उभ्या राहिलेल्या बाया डब्याकडे बघत होत्या.

"हरली म्हण नं वं," वेणू म्हणाली. "बाया खोळंबून राहिल्या."

"थांब, सांगते."

डबा आणणारी छत्तीसगडची फुलबासन हसली. "बाई, ये तो आपके घर बनताच नहीं. कैसे बताओगी?"

"हरले," मी म्हणाले. सगळ्या हसल्या, वेणू सर्वांत मोठ्याने.

डब्यात ठेठरी होती, ओवा घालून तळलेली बेसनाची. दुसऱ्या जातीच्या हातचे खाल्ले हे घरी कसे सांगू, या काळजीत एक खाल्ली. मग दुसरी.

रविवारी घरी येऊन आईला खरे तेच सांगितले. तिने आधी आंघोळीला पाठवले, नंतर कृती विचारली.

वेणूचा हेवा गेलेला नाही. पण आमच्या परसामागेही तेलंगी वस्ती आहे. दर वर्षी या दिवसांत भिंतीपलीकडून टाळ्या येतात आणि आमची गाणी बिघडू नयेत म्हणून मी खिडकी लावून घेते. आता त्या बायकांना बोलवायला मी स्वतः जाणार आहे. खिरापत त्यांनीच आणावी, असे सांगेन. वेणूला कळवलेले नाही. फेर आमच्या अंगणात: ललितापंचमी, येता गुरुवार, दिवे लागायच्या आत.