रोज बोटभर सरकणारी रेघ

सत्तरच्या दशकात आमच्या सोलापूरच्या घरात गॅस आला तो धाकट्या जावेच्या पाठोपाठ. तिच्या वडिलांनी आधीच नंबर लावून ठेवला होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत टाकी दारात. तिच्यासाठी स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा बांधला. मी नऊ वर्षं त्याच खोलीत जमिनीवर बसून दहा माणसांचं रांधत होते, माझ्यासाठी कुणी बसायचा पाटसुद्धा बदलला नव्हता. मी जळत होते, हे सरळच सांगते.

गॅस जोडायला आलेल्या माणसानं माझ्या कोळशाच्या शेगडीकडे बोट दाखवलं. "ही भाईर न्या. टाकीजवळ जाळ नको. रबरी नळीला धग लागली तर घर उडंल." पण सासूबाईंना गॅसवरची भाकरी चालेना, निखाऱ्यावर फुगलेली ज्वारीचीच हवी. शेवटी त्यानं नाइलाजानं खोलीच्या दुसऱ्या टोकाला खडूनं रेघ मारली. शेगडी रेघेच्या पलीकडे, मोरीपाशी. म्हणजे जाव ऐटीत उभी राहून दूध तापवणार आणि मी मोरीच्या कोपऱ्यात भाकऱ्या थापणार.

फरशी पुसली की खडू जायचा, म्हणून जाव रोज सकाळी ती रेघ रांगोळीनं काढू लागली. चार दिवस मी पाहिलं. मग म्हटलं, "उंबऱ्यावरची रांगोळी माझ्याकडंच हाय, ही बी मीच काढीन." थोरलीचा मान तो.

"बरं की अक्का," ती म्हणाली. सासूबाई त्या वेळी पूजेला बसलेल्या असायच्या, त्यांना यातलं काही कळलं नाही.

आणि मी रोज ती रेघ बोटभर ओट्याकडे सरकवू लागले. बोटभर अंतर कुणाच्या डोळ्यांवर येतं? रेघेमागोमाग माझी शेगडी, परात, पिठाचा डबा, सगळा संसार पुढं निघाला. जावेनं दोन मिनिटांत चहा करून दिला, सासरे "वा!" म्हणाले, की दुसऱ्या दिवशी रेघ दोन बोटं सरकायची. महिन्या-दीड महिन्यात मी खोलीचा मध्य ओलांडला. जावेला माझ्या पाठीमागून वळसा घालून ओट्याशी जावं लागे. मला बरं वाटायचं. घर उडण्याची भीती मला शिवलीसुद्धा नाही. गॅस तिचा, तर धोकाही तिचाच, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

पहिली टाकी संपली तेव्हा तोच माणूस दुसरी घेऊन आला. त्यानं नळी हातात धरून दाबली. एका बाजूनं ती मऊ पडली होती, बोट रुतत होतं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर निखाऱ्यावर भाकरी फिरवत बसले होते.

"आदी ती शेगडी हलवा!" तो ओरडला. "रेघ कुनी सरकवली? घरात पोरंबाळं हायत का न्हाईत?"

पोरं होती. दोन, आणि दोन्ही माझी. अंगणात खेळत होती. सासूबाई आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघू लागल्या.

"मीच," जाव म्हणाली. "रेघ मीच काढते. चुकलं माझं."

सासूबाईंनी तिला नाही नाही ते ऐकवलं. शिकलेली म्हणून आणली आणि एवढी अक्कल नाही, इथपासून तिच्या वडिलांचा उद्धार होईपर्यंत. ती खाली मान घालून उभी राहिली. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

मी शेगडीची कडी धरून ती अंगणात नेली. परत आले तेव्हाही बोलणं चालूच होतं. खरं सांगायला वेळ होता. मी गप्प बसले. थोरली मी, आणि मोठेपण तिनं घेतलं. पुढं माझ्याही हाताला गॅस आला, ओट्याचा हेवा सरला. त्या "मीच"चा हेवा मात्र मी अजून करते.