पाय धरणारे डॉक्टर

वानखडे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत माझे पाय धरले. अतिशयोक्ती नाही. अकोल्याच्या त्यांच्या एक्स-रेच्या दवाखान्यात मी टेबलावर आडवी झाले आणि हा सहा फुटी, मिशाळ गृहस्थ माझ्या दोन्ही पावलांवर बोटं टेकवून डोळे मिटून उभा राहिला. सोबत सासूबाई होत्या. सुनेचे पाय धरणारा पुरुष त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्या ताडकन उठल्या.

"अहो, हे काय चाललंय?"

"नाडी पाहून राहिलो, माय. हातातली तं कोनीबी पायते. हिच्या पायात रगत पोचते का नाई, ते पायाचं हाये."

माझं दुखणंच तसं होतं. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, महारोहिणी, जन्मतःच एका जागी चिमटलेली. मुंबईच्या सर्जननी तेवढा भाग कापून टोकं जोडून दिली आणि बजावलं, की हा जोड पुढे कधीही फुगू शकतो, तेव्हा जन्मभर लक्ष ठेवा. आता अमरावतीहून मुंबई काय रोज गाठायची? म्हणून बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोला. डॉक्टर दर्यापूरकडच्या शेतकरी घरातले. शिकले मुंबईत, पण जिभेला मुंबई लागली नाही. आमच्या यजमानांचे पुण्याचे मामा एकदा सोबत आले होते. अर्धा तास डॉक्टरांशी बोलून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "कंपाउंडर भेटला, डॉक्टर कधी येणार?"

महारोहिणी हा शब्द त्यांना मंजूर नव्हता. ते 'नळी' म्हणत. मी झोप, भूक, घरातली धुसफूस सांगू लागले की हात वर करत. "मले नळीचं सांग. सासूचं गाऱ्हानं वकिलाले सांग, तुह्या घरीच हाये." सासरे वकील होते. हे ते सासूबाईंच्या देखत म्हणत, आणि नवल म्हणजे सासूबाई हसत.

मला दिवस गेले तेव्हा घरात पेढे वाटले. डॉक्टरांनी पेढा घेतला, पण हसले नाहीत. "आता रगत वाढन, जोर वाढन, नळीची भिंत नरम पडन. जोड फुगला तं फुटाची भीती."

"आणि फुटला तर?"

"तं मंग तुले काहून सांगू? तुले थोडंच आयकू येनार हाये?"

मी भडकले. रडलेही. तेव्हा त्यांनी स्टूल ओढून सगळं समजावलं. दर पंधरवड्याला रक्तदाब पाहायचा, हाताचा वेगळा आणि पायाचा वेगळा. सातव्यात पोटावर शिशाचं जाड आवरण टाकून छातीचा एकच फोटो. तो ऑपरेशननंतरच्या फिल्मशेजारी लावून नळीची रुंदी मोजायची. वाढली असेल तर तडक मुंबई, आणि मग बाळाचं आणि माझं काय होईल ते तिथले ठरवतील. नसेल तर बाळंतपण अकोल्यातच. "जुनी फिल्म सांभाळजो. तिच्याबिगर मी आंधळा हावो." हे सांगताना त्यांनी पाय धरले आणि निघताना मी वाकून नमस्कार करू गेले तर खेकसले, "वाकू नको! नळीवर जोर येते."

त्यातच सूर्यग्रहण आलं. गल्लीतल्या शास्त्रीबुवांनी घरोघर फिरून सांगितलं, कोणी वर बघू नका, आणि गरोदर बाईने तर कात्रीला हात लावू नये. सासूबाईंनी मला अंधाऱ्या खोलीत कोंडलं. मी सुपारीसुद्धा कातरली नाही.

सातव्यात अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी नवा फोटो काढला, जुन्या फिल्मचं पाकीट उघडलं, आणि आतून नुसती चौकट निघाली. मधला भाग गायब! कडा मात्र सुबक कापलेल्या. सासूबाईंचा चेहरा उतरला. मला कोंडून ठेवल्यावर सासऱ्यांनी ग्रहण बघायला काळी काच म्हणून फिल्मचे तुकडे केले होते आणि गल्लीभर वाटले होते. मी तिकडे कात्रीचा विटाळ पाळतेय, आणि इकडे अख्खी गल्ली माझ्या छातीतून सूर्य बघतेय!

डॉक्टरांनी ती रिकामी चौकट उजेडाला धरली. मग म्हणाले, "वा रे वकील! सुनेची नळी सूर्याले दाखवली, मले दाखवाले नाई ठेवली." आणि सासूबाईंकडे वळून, एकदम हळू आवाजात, "माय, जा. भेटन तेवढं गोळा करून आन. मी पोरीले अंदाजानं काई सांगनार नाई."

आणि आमच्या सासूबाई, ज्या हळदीकुंकवालासुद्धा स्वतःहून कुणाच्या पायरीवर जात नसत, त्या दुसऱ्या दिवशी दारोदार फिरल्या. "अहो, आमच्या सूनबाईच्या छातीचा तुकडा आहे का तुमच्याकडे?" सगळे मिळाले, मधलाच मिळेना. शेवटी शास्त्रीबुवांच्या सुनेने डोळ्यांनी देवघराकडे खूण केली. सासूबाई आत शिरल्या. तुकडा समईमागे होता.

"शास्त्रीबुवा, वर बघू नका म्हणाला होतात ना?"

"मी... ते मोक्षाची वेळ अचूक कळावी म्हणून..."

"आधी माझ्या सुनेला मोकळं होऊ द्या," म्हणत सासूबाईंनी तुकडा पदरात बांधला आणि मला घेऊन पुन्हा अकोला गाठलं.

डॉक्टरांनी उजेडाच्या काचेवर तुकडे जुळवले, चिकटपट्टीने जोडले, शेजारी नवी फिल्म लावली. कंपास घेऊन मोजलं. परत मोजलं. सासूबाईंनी माझा हात इतका आवळला होता की बांगडी रुतली.

"नळीले काई धाड भरली नाई," ते म्हणाले आणि चष्मा काढून शर्टाने पुसत बसले. बराच वेळ पुसत बसले.

बाळंतपण अकोल्यातच झालं. मला जोर करू न देता, चिमटा लावून मुलीला बाहेर काढलं. एक्स-रेवाल्याचं तिथे काय काम? पण डॉक्टर दाराबाहेर येरझारा घालत होते आणि बाळंतिणीच्या खोलीत आल्यावर त्यांनी बाळाकडे नंतर पाहिलं. आधी माझे पाय धरले.

पुढेही दर वर्षी आमची अकोल्याची वारी ठरलेली. फोटो, कंपास, "नळी बेस हाये, पळ आता." स्वतःचा रक्तदाब मात्र त्यांनी कधी मोजून घेतला नाही. मी टोकलं की म्हणत, "माही नळी गावरान हाये."

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी ते गेले. दवाखान्यातच, खुर्चीत बसल्या बसल्या. मला त्यांचा इतका राग आला! दुसऱ्याच्या पायांवर बोटं ठेवून आयुष्य काढलं, आणि स्वतःचं काय?

अंगणात त्यांना ठेवलं होतं. लोक पाया पडत होते. त्यांनी मला कधी वाकू दिलं नव्हतं. मी पहिल्यांदा वाकले, आणि हात नमस्काराला जोडायच्या आधीच माझी बोटं त्यांच्या पावलावर, बरोबर त्या जागी गेली. गार होतं. तरी मी दाबून पाहिलं. जरा सरकवून पुन्हा पाहिलं. दुसरं पाऊल पाहिलं.

मागून सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोड गं आता त्यांचे पाय."

मी म्हटलं, "थांबा हो जरा. मला नीट बघू द्या."