आत्याची दारू सोडवली त्याची गोष्ट

आत्याची दारू सोडवायची असं ज्या बैठकीत ठरलं, त्या बैठकीत शुद्धीवर असलेली एकटी आत्याच होती. पोलीस पाटील, भगत, माझे वडील आणि मी ओटीवर बसलो होतो. मध्ये मोहाची बाटली होती, आणि आत्या आतून भाजलेलं सुकट आणून देत होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि डोळखांबच्या बाजूच्या आमच्या पाड्यांची सुईण झाली. प्रत्येक बाळंतपणाला तिला एक बाटली मिळे, आणि ती घरापर्यंत पोचत नसे. एकदा तर बाळंतिणीची घोंगडी काढून आत्याच्या अंगावर घालावी लागली. त्यात माझ्या बायकोला दिवस गेलेले. आता हात थरथरणारी सुईण आमच्याच घरात नको, म्हणून ही बैठक.

मी तेव्हा शाळामास्तर होतो. मुरबाडला दारूबंदीवरचं एक भाषण ऐकून आलो होतो, ते मला पाठ झालं होतं. दोन घोट पोटात गेले की मी ते म्हणून दाखवत असे.

पहिला उपचार भगताचा. त्यानं दारूत गेळफळ उगाळलं, म्हणजे ओकारी येऊन किळस बसेल. आत्या भडभडून ओकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "भगता, तुजी भट्टी बिघडली रे. उद्या दुसऱ्याची आन."

दुसरा उपचार शहापूरच्या दवाखान्यात. बैलगाडीतून नेली. डॉक्टर म्हणाले, बाप्यांना घेऊन येणारे पाहिलेत, बाईला आणणारे तुम्हीच पहिले. त्यांनी शक्तीचं औषध दिलं. त्याला चांगला उग्र वास होता. गाडी गावात यायच्या आत बाटली रिकामी.

"डागतर हुशार हाये," आत्या म्हणाली. "परत कदी जायाचं?"

उरला वाघोबा. त्याच्या दगडावर हात ठेवून शपथ घ्यायची. शब्द मी लिहिले, आणि मास्तरकीची सगळी अक्कल लावून एकही फट ठेवली नाही: पिणार नाही, चाखणार नाही, हातालाही थेंब लागू देणार नाही. भगतानं दगडावर दारूची धार सोडली, कारण आमचा देव प्यायल्याशिवाय साक्षीला उभा राहत नाही. उरलेली आम्ही संपवली.

आत्यानं शपथ पाळली. तिचे हात लटपटू लागले, घाम फुटे, भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसत. भगत मिरच्यांची धुरी घेऊन भूत काढायला आला. माझ्या बायकोनं त्याला उंबऱ्यावरूनच हाकललं. ती आणि शेजारणी आळीपाळीनं आत्याला धरून बसल्या, नाचणीची आंबील घोट घोट पाजत राहिल्या. आम्ही बाप्ये ओटीवर बसून काळजी करत होतो. म्हणजे काय करत होतो, ते सांगायला नको. आत्या बरी झाली आणि गावानं मला शाबासकी दिली.

मग बायकोचे दिवस भरले. भर दुपारी कळा सुरू झाल्या. आमच्याकडे सुईणीनं आधी ओंजळीतून पितरांना दारूची धार सोडायची, मगच बाळंतिणीला हात लावायचा. आत्या दारातच थांबली.

"धार कोन सोडनार? हाताला थेंब लागायचा नाय, तूच लिवलंस, मास्तर."

"आते, देव समजून घेईल."

"देवाला मी सांगते रे. तुज्या सासूला कोन सांगनार?"

सासू आत लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. धारेशिवाय माझ्या पोरीला कुणी शिवायचं नाय, म्हणत होती. आणि आत बायको ओरडत होती.

"तूच सोड," आत्या म्हणाली.

"मी? बाळंतिणीच्या खोलीत?"

"मागं लाजला नव्हतास, आता लाजतोस? चल."

मी डोळे मिटून आत गेलो. पितरांची नावं उलटसुलट घेतली, निम्मी दारू धोतरावर सांडली. आत्यानं मला बाहेर ढकललं आणि दार लावलं. मी मागच्या पायरीवर बसलो. बायकोचं ओरडणं ऐकवेना. हातातल्या बाटलीत उरली होती, ती मी तोंडाला लावली.

मुलगी झाली, खणखणीत रडली. बायका बघायला आल्या. घरभर वास, आणि दाराशी रिकामी बाटली.

"कोनी संपवली गो?" सासूनं विचारलं. सगळ्यांच्या नजरा आत्याकडे गेल्या. आत्यानं माझ्याकडे पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात मुरबाडच्या सभेत मी बोलायचं ठरलं होतं. 'एका स्त्रीची व्यसनमुक्ती' हा माझा विषय. मी म्हणालो, "जाऊ द्या, म्हातारी आहे."

आत्यानं बाळाची वार फडक्यात गुंडाळली. ती पुरायला परसात निघून गेली.

आत्या त्या दिवशी प्यायली नव्हती. नंतरही कधी प्यायली नाही. पण शपथ मोडणारीचा हात नको, म्हणून पाड्यांनी तिला बोलावणं बंद केलं, आणि ती घरी बसून आमची मुलगी सांभाळू लागली. सभेत मी भाषणाचा शेवट बदलला. बायका पुन्हा वळतात, सावध राहावं, असं काहीसं बोललो. टाळ्या चांगल्या पडल्या.

काही वर्षांनी ती गेली. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या तोंडात त्याच्या आवडीचं घालतात. पाटील बाटली घेऊन आले.

"घे गो बाय, आता तुला कोन बोलनार नाय."

लोक रडता रडता हसले. मी डोक्याशीच उभा होतो. पाटलांचा हात धरता आला असता.

"मास्तर, जरा हनवटी धर," ते म्हणाले.

मी धरली.