उंदरांच्या खोलीतला गाऊन

"कंट्रोल कुठाय?"

हा प्रश्न आमच्या सरांनी कुणाला विचारला नाही, ते सांगणं सोपं. होळी गावातल्या त्यांच्या शेजारणीने नातवाची दृष्ट काढली आणि पोराचा ताप उतरला, तर सर कुंपणावरून विचारणार, "दृष्ट न काढलेला दुसरा नातू कुठाय? कंट्रोल कुठाय?" सातिवलीच्या नाक्यावरचा वडापाववाला म्हणाला, हल्ली तेल बदललंय, की सर म्हणणार, जुन्या तेलातला एक वडा शेजारी ठेव, मग बोलू. एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही आणि मग दोघांकडे बघायचं. तो न दिलेला गट म्हणजे कंट्रोल. एवढ्या एका गोष्टीवर या माणसाने आयुष्य काढलं आणि निम्मं गाव तोडलं. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. लग्नात त्याच्या शेजारी जेवायला बसायचं तुम्ही टाळत असाल. आम्हाला ती सोय नव्हती, कारण ते आमचे साहेब होते. आता ते नाहीत, आणि प्रयोगशाळेत कुणी काहीही म्हणालं तरी खपून जातं.

सातिवलीत बादल्यांची झाकणं करणारा एक गाळा आणि चपलांचं गोदाम यांच्या मध्ये आमची प्रयोगशाळा आहे. आत पांढरे उंदीर. दुखणं उंदराच्या आठवणीत कसं राहतं आणि त्यात भीतीची भर पडली की काय होतं, हे आम्ही बघतो. एखाद्या जागी पायाला चटका बसला की पुढच्या वेळी उंदीर तिथे जायला का बिचकतो, ती जागा तो किती काळ लक्षात ठेवतो, असलं काम. आजूबाजूच्या गाळ्यांतल्या लोकांची मात्र खात्री होती की आम्ही उंदीर मारायचं औषध काढतो. अधूनमधून कुणीतरी दारात उभं राहायचं, "ओ ताई, एक पुडी मिळेल काय?" सर आतून ओरडायचे, "इथे उंदीर बरे करतात! घरचे घेऊन या!"

मी जूचंद्रची, म्हणून सरांच्या लेखी मी 'जूचंद्र'. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी 'नालासोपारा'. आमची खरी नावं त्यांना ठाऊक होती की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती. उंदरांना मात्र त्यांनी हौसेने नावं ठेवली होती, आणि ती सगळी त्यांच्या नातेवाइकांची होती.

सरांचं दुःख एकच. ज्या प्राण्यापायी सगळी हयात घालवली, तो प्राणी त्यांना घाबरायचा. यात त्यांचा काही दोष नाही. पुरुषाच्या घामाचा वास आला की उंदीर हबकतो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. हबकला की त्याला दुखणंही कमी जाणवतं. जीव वाचवायचा असताना पाय चोळत कोण बसतो? मी खोलीत असले की गरम चहाच्या कपाइतक्या तापलेल्या पत्र्यावर ठेवलेला उंदीर लगेच पाय उचलून चाटायचा. सर असले की तोच उंदीर मख्ख. आणि वर लेंड्या. भ्यालेला उंदीर लेंड्या टाकतो आणि त्या मोजणं हे शास्त्र आहे. तोंड वाकडं करू नका, आम्ही रोज मोजतो. सरांनी बिनवासाचा साबण लावून बघितला, कांदा-लसूण सोडून बघितला. लेंड्या कमी होईनात.

"सर, तुम्ही बाहेरून काचेतून बघत जा ना," नालासोपारा म्हणाली.

"माझ्याच उंदरांना काचेतून बघू? तुरुंगात भेटायला आलोय का मी?"

उपाय होता. पुरुषाच्या शेजारी बाईच्या अंगातला, न धुतलेला कपडा ठेवला की उंदरांची भीती कमी होते. सरांनी हे सांगून आमच्या दोघींकडे बघितलं. आम्ही दोघींनी एकदमच आपापल्या ओढण्या घट्ट धरल्या. दुसऱ्या दिवशी सर पिशवीतून बायकोचा गाऊन घेऊन आले. निळ्या फुलांचा, बाहीवर हळदीचा डाग. तो खुर्चीच्या पाठीवर टाकून सर त्या खुर्चीत बसले, आणि काय सांगू, उंदीर पुठ्ठ्याच्या नळीतून बाहेर येऊन बागेत आल्यासारखे हिंडायला लागले. अर्थात गाऊन नसताना काय होतं तेही त्यांनी लगेच बघितलं. पुन्हा लेंड्या.

बाईंना, म्हणजे सरांच्या बायकोला, हे कळलं तेव्हा त्या थेट प्रयोगशाळेत आल्या. अंगाने ठेंगण्या, आवाजाने खणखणीत. होळीतली फुलांची आणि केळीची वाडी त्याच सांभाळायच्या आणि सरांनाही.

"बाय, माझा गाऊन इथे आहे काय गं? मी तिथे कामवालीवर आळ घेऊन बसले!"

मी काचेकडे बोट दाखवलं. बाईंनी बघितलं. आत सर, मागे गाऊन, पुढे उंदीर. त्या इतक्या हसल्या की पलीकडच्या गाळ्यातल्या बायका झाकणं टाकून बघायला आल्या.

"अहो, सांगायचं तरी! मी चांगला दिला असता की, फाटका कशाला आणलात?"

"चांगल्याला साबणाचा वास असतो," सर म्हणाले.

"बघ बाय. नवरा बायकोला म्हणतोय, तुझी घाण बरी!"

त्यानंतर बाई स्वतःच डब्याबरोबर घातलेला गाऊन पाठवू लागल्या. "उंदरांना विचारलंय म्हणून सांगा," असा निरोपही असायचा.

मग कोरोना आला आणि सरांचं नाक गेलं. पुष्कळांचं गेलं आणि परत आलं; सरांचं गेलं ते गेलंच. "सातिवलीत काम करायचं तर नाक नसलेलंच बरं," म्हणायचे. डाळ करपली तरी आता ऐकून घ्यावं लागत नाही, असं बाई सांगायच्या.

पुढे बाईच आजारी पडल्या. आजार हाडांपर्यंत गेलेला. एका सकाळी सर आले ते पिंजऱ्यांकडे न जाता माझ्या टेबलापाशी थांबले.

"जूचंद्र, ती मला घाबरते का गं?"

"बाई? तुम्हाला?" मला हसू आवरेना.

"मग असं का म्हणते? म्हणते, तुम्ही जवळ बसलात की दुखत नाही. दुखणं भीतीने कमी होतं, एवढं मला माहीत आहे."

नालासोपारा म्हणाली, "सर, माणसांत त्याला दुसरंही एक कारण असतं."

"कुठलं?"

ती पिंजरे पुसायला निघून गेली. एवढा शिकलेला माणूस आणि एवढा ठोंब्या, असं मला वाटलं. पण त्या दिवसापासून सर दुपारीच घरी जायला लागले आणि संध्याकाळपर्यंत बाईंच्या उशाशी बसायला लागले.

बाई गेल्या. दिवस झाल्यावर सर कामावर आले. पिशवीत निळ्या फुलांचा गाऊन होता, बाईंनी शेवटी अंगात घातलेला. तो खुर्चीवर टाकून सर आत बसले. उंदीर बाहेर आले, हिंडले. लेंडी नाही.

"आहे अजून," बाहेर येऊन सर म्हणाले.

काय आहे ते आम्हाला कळलं. घरातल्या कपाटात, उशीत, कुठेच त्यांना बाईंचा वास येत नव्हता, कारण नाकच नव्हतं. उंदरांना येत होता. उंदीर घाबरत नाहीत तोवर बाई त्या कापडात आहेत, असा हिशेब या माणसाने मांडला होता. रोज दुपारी ते त्याच उंदरांत जाऊन बसायचे, तास न् तास. कामाचं नाव नाही. गाऊन संध्याकाळी पिशवीत बंद करून घरी न्यायचे. रोज बाहेर येऊन तेच सांगायचे, आहे अजून. नालासोपारा म्हणायची, एवढे दिवस वास कसा टिकेल, आणि मी तिला गप्प करायचे. सरांना सरांचाच तो कंट्रोलचा प्रश्न विचारायची माझी छाती नव्हती.

तो त्यांनी स्वतःच विचारला. एका सकाळी पिशवी माझ्या हातात दिली.

"ही धर. बाहेरच थांब. मी तसाच आत जातो."

"सर, कशाला? राहू द्या ना."

"करायला हवं गं. इतके दिवस टाळलं."

मी काचेपाशी उभी राहिले, पिशवी छातीशी धरून. मनात म्हणत होते, घाबरा रे मेल्यांनो. एकदा घाबरा. सर गाऊनशिवाय खुर्चीत बसले आणि हात टेबलावर ठेवला. उंदीर नळीतून बाहेर आले. एक हाताजवळ आला, हुंगलं, आणि सरांच्या तळव्यावर चढून मिशा साफ करत बसला. एक लेंडी नाही. रोज इतका वेळ जवळ बसून बसून त्यांना या माणसाची सवय झाली होती. गाऊनची गरज केव्हा संपली, आणि त्यात बाईंचा वास केव्हापर्यंत होता, ते कुणालाच कळलं नव्हतं.

आयुष्यभर सरांना हेच हवं होतं, आणि ते मिळालं ते असं. मला त्या उंदरांच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

सर बाहेर आले. "उत्तम निकाल," म्हणाले आणि खुर्ची शोधून बसले. मग पिशवीकडे बघून म्हणाले, "तुझं नाक धड आहे. तूच बघून सांग."

मी पिशवी उघडून नाक आत घातलं. खोटं बोलायचं ठरवूनच घातलं होतं. पण त्यांच्याकडे बघितलं आणि जमलं नाही.

"भुसा, सर. आणि उंदीर."

"शी," सर म्हणाले. "मग धुतो. असला कपडा तिने घरात राहू दिला नसता."

रविवारी मी होळी गावात भाजी घ्यायला गेले तेव्हा सरांच्या वाडीत दोरीवर गाऊन दिसला. उलटा टांगलेला, नीट न पिळलेला, पाणी गळतंय. सर समोर केळीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मी आत गेले, गाऊन सरळ केला, पिळला, झटकून पुन्हा टाकला. त्यांनी मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारली. मी दचकलेच.

"वाळला की कसला वास येईल गं याला?"

"उन्हाचा, सर."

"तो आठवतो मला," ते म्हणाले. "तिचा नाही आठवत."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. गाऊन वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.