बैठकीचा ऑइल पेंट

मल्हारगंजात कुणाच्याही घरी रंगाचं काम निघालं, की पहिला निरोप जायचा श्रीपादराव शेवड्यांकडे. होळकरांच्या बांधकाम खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षं रंगांचं कोठार सांभाळलं होतं. पुढे संस्थान गेलं, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि खात्यातली निम्मी माणसं फायलींच्या मागोमाग तिकडे गेली. श्रीपादराव मात्र "मला त्या तलावाची हवा मानवायची नाही" म्हणून पेन्शन घेऊन घरी बसले. घरी बसले कसले, लोकांच्या भिंतींपुढे उभे राहिले!

माणूस जाणकार, पण तोंडाचा फटकळ. सल्ला फुकट आणि वर बोलणीही फुकट. "जुने पोपडे खरवडल्याशिवाय ब्रश लावाल, तर दिवाळीचा रंग होळीला अंगावर येईल." खुर्च्यांना चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिशच हवं, वार्निश थापलं तर मे महिन्यात पाहुणा खुर्चीसकट उठायचा. स्वयंपाकघरात कमरेपर्यंत ऑइल पेंट, म्हणजे फोडणीचे डाग पुसता येतात. शेजारचे रघुवीर मास्तर आईच्या खोलीला चकचकीत रंग द्यायला निघाले, तर त्यांना भर गल्लीत झाडलं. "आईला मोतीबिंदू आहे ना भिया? मग चमक कशाला? भिंतीवरचा उजेड उलटा डोळ्यांत जातो. मंद रंग द्या, मंद! आधी घरात कोण राहतं ते बघावं, मग डबा उघडावा."

केवढं शहाणपणाचं बोलणं! आणि हाच माणूस स्वतःच्या घरात काय करून बसला, ते ऐका.

त्यांचं घर चार खोल्यांचं, भिंती साध्या चुन्याच्या. राहणारी दोघंच, ते आणि त्यांची बायको यशोधराबाई. मुलगी सुहासिनी लग्न होऊन उज्जैनला गेलेली. त्या भिंतींवर, बैठकीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत, कमरेच्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटला होता. यशोधराबाई जाता-येता भिंतीला हात लावत चालायच्या. रावांना तो पट्टा फार खुपायचा.

"अगं, भिंत काय पळून चाललीय? धरून कशाला चालतेस?"

"सवय झालीय हो," बाई म्हणायच्या आणि पुढे सरकायच्या.

एकोणसाठ साली दिवाळीला सुहासिनीच्या सासरची मंडळी येणार असं ठरलं, आणि रावांनी मनावर घेतलं. सगळ्या घराला वरपासून खालपर्यंत ऑइल पेंट, तोही चकचकीत. हात लागला तर ओल्या फडक्यानं पुसला, की झालं. बाई एवढंच म्हणाल्या, "भिंती आहेत तशाच राहू देत ना." राव म्हणाले, "तुला रंगातलं काय कळतं?" बाई भिंतीला हात लावत आत गेल्या.

परदेशीपुऱ्यातला उदयसिंह रंगारी कामाला आला. भिंती खरवडल्या, खड्डे पुट्टीनं भरले, रेगमालच्या खरखरीत कागदानं घासून सगळं गुळगुळीत केलं. दोन दिवस तो बाईंची ये-जा बघत होता. तिसऱ्या दिवशी रावांजवळ येऊन हळूच म्हणाला, "रावसाहेब, चमक रहने दो. बैठकीला मंद डिस्टेंपर मारू. बाईजी…"

"बाईजींचं काय?"

"काही नाही जी. भिंतीला हात लावून चालतात ना, म्हणून म्हटलं."

"अरे, म्हणूनच तर ऑइल पेंट! सत्तावीस वर्षं मी कोठारात काय झोपा काढल्या?"

उदयसिंहानं ऑइल पेंटचा डबा उघडला. रंगाऱ्यानं साहेबाशी किती वाद घालायचा?

काम मात्र अव्वल झालं. अंगणाचं दार उघडलं, की उजेडाचा लांबट चौकोन समोरच्या भिंतीवर जसाच्या तसा उमटायचा. राव येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. "बघा, समोर उभं राहून भांग पाडा!" टेबलखुर्च्यांना पॉलिश करून त्याही नव्यानं मांडल्या. उज्जैनचे व्याही खूश होऊन गेले.

बाईंचं मात्र काहीतरी बिनसलं. त्या बैठकीत कामापुरत्याच येऊ लागल्या. दूध उतू जायचं, टेबलाचा कोपरा मांडीला लागून काळानिळा डाग पडायचा. रावांना वाटलं, भिंतीवरून बोललो त्याचा राग धरलाय. एकदा बाईंच्या हातून चहा सांडला, नव्या पॉलिशवर पांढरट डाग उठला, आणि राव कडाडले, "डोळे फुटले का तुझे?" बाईंनी चाचपडत फडकं शोधलं आणि टेबल पुसलं. ते वाक्य पुढे रावांना जन्मभर डाचलं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं ते स्वतःच म्हणायचे.

संक्रांत होऊन पंधराएक दिवस झाले असतील. सकाळी राव बैठकीत पेपर वाचत होते. अंगणाचं दार सताड उघडं होतं आणि ऊन आत आलं होतं. बाई धुण्याची बादली घेऊन स्वयंपाकघरातून आल्या, अंगणाकडे निघाल्या आणि दाराकडे पाठ करून सरळ समोरच्या भिंतीकडे चालू लागल्या. पाऊल न अडखळता, अगदी सवयीनं. भिंतीवर कपाळ आपटलं. बादली हातातून सुटली. दोन्ही तळवे भिंतीवर फिरवत चौकट शोधू लागल्या, आणि म्हणाल्या, "दार कुणी लावलं हो?"

रावांच्या हातून पेपर गळून पडला. भिंतीवर दाराचा उजेड झळकत होता. बाईंना तोच दार वाटला होता.

डॉक्टरांनी तपासलं आणि काचबिंदू सांगितला. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही, आणि तेवढंही फार दिवस टिकायचं नाही. "दोन वर्षं आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले. दोन वर्षं! ब्रशचा एक केस भिंतीला चिकटला तर दहा हातांवरून ओळखणारा हा माणूस. पण रोज दोन्ही वेळा समोर बसून वाढणाऱ्या बायकोची नजर कुठे लागलीय, ते त्याला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी आल्यावर रावांनी बाईंना हात धरून खुर्चीवर बसवलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला स्वयंपाकघरातून उठवलं असतं. मग मी दिवसभर करायचं काय? भिंतींचा आधार होता. मधल्या बोळीच्या वळणावर भिंतीला एक खड्डा होता, स्वयंपाकघराशी खरबरीत लागायचं. हात लावला की कुठे आहे ते कळायचं. चाललं होतं माझं."

ते सगळे खड्डे रावांनी स्वतः उभं राहून बुजवून घेतले होते. त्यांना रडू आवरेना. "उद्याच उदयसिंहाला बोलावतो. सगळा रंग खरवडून काढू, परत चुना देऊ."

"कशाला? आहे तो उजेडही जाणार म्हणालेत ना. मग चमक काय आणि चुना काय." त्यांनी बाजूच्या भिंतीवरून हात फिरवला. बाई म्हणाल्या, "एक विचारू? रंग कोणता दिलाय हो?"

तीन महिने घरात त्या रंगाशिवाय दुसरी गोष्ट नव्हती, आणि हे एवढं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. "पिस्ता," राव कसेबसे म्हणाले. "फिका पिस्ता."

"अगंबाई! हळदीकुंकवाला बायका कौतुक करत होत्या, तेव्हा मी म्हटलं, यांनी मोठ्या हौसेनं निळा निवडला."

"मग?"

"मग काय? सगळ्या एकदम गप्प झाल्या. मास्तरांची रमा उठून माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात आपल्या हातात धरून तिनंच पुढचं हळदीकुंकू सगळ्यांना लावलं."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो," यशोधराबाई म्हणाल्या. "तुम्ही सोडून."