अंदमानचं चूलबंद आवतन

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. केलं? राहू द्या, तुमचं हसू आत्ताच फुटू पाहतंय! पण सांगितल्याशिवाय मलाही चैन नाही. असा घोळ आमच्या धाड गावात दुसऱ्या कोणत्या बाईनं घातलेला नाही.

गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. शांता माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती परकर सावरायला शिकत होती. मी लग्न होऊन धाडला आले, तर माझ्यामागं तीही आली. म्हणजे माझं पहिलं लेकरू तीच, बाळू दुसरा.

तिचं जमलं देऊळघाटच्या मुलाशी. मुलगा गुणाचा, नोकरीचा. पण नोकरी कुठं? अंदमानात! चारी बाजूंनी समुद्र, मधे बेट, आणि त्या बेटावर लाकडाच्या गिरणीत हा कारकून. त्याला रजाच मिळेना.

व्याही घरी आले, पाटावर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "पोरीले घेऊन आपणच तिकडं जाऊ. तिथंच अक्षता टाकू. दुसरा रस्ता नाई."

आता माझा स्वभाव कसा, तर बाळूला दोन शिंका आल्या की मी काढा उकळायला ठेवते. अंगणात तो दिसला नाही की आधी विहिरीत डोकावते! अशा बाईची शांता परक्या मुलखात बोहल्यावर उभी राहणार. पाठीशी मामा नाही, मंगलाष्टकांना चार ओळखीचे आवाज नाहीत.

त्यात आमच्या यांनी बजावलं, "आपण दोघं, बाळू आन् शांता. बाकी कोणाले आवतन द्याचं नाई."

आवतन नाही? लोक काय म्हणतील? मोठीनं बिनमायच्या पोरीला गुपचूप उजवून टाकलं! तेव्हा माझ्या सातवी पास डोक्यातून एक युक्ती निघाली. आवतन द्यायचं, आणि तेही चूलबंद! म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी मांडवातच जेवायचं. आमच्याकडं यापेक्षा मोठा मान नाही. आणि समुद्रापार येतंय कोण? मान दिल्याचा दिला, पंगत शून्य! आहे की नाही डोकं?

कुंकवाची वाटी घेऊन निघाले. पहिलं घर शेजारच्या सरूआजीचं. आजीच्या गुडघ्यांनी केव्हाच जवाब दिलेला, देवळापर्यंतसुद्धा जाववत नाही.

"आजी, शांताचं लग्न अंदमानले हाय. चूलबंद आवतन हाय बरं."

"अंदमान म्हंजे ते काळं पाणी?"

"हाव ना."

"मंग कवा निघाचं, माय?"

मला वाटलं थट्टा. पण आजीनं उठून गोधडी उन्हात टाकली!

"आजी, लय दूर हाय वं. मलकापूरहून रेल्वे, मंग कलकत्ता, मंग बोट..."

"बिनमायची पोट्टी ते. तिच्यावर अक्षता टाकाले कोणी नको? आता तू बोलावलं, अन् मी चालली."

संध्याकाळपर्यंत आमची अख्खी आळी चालली! कोणी शेवया करायला घेतल्या, कोणी वळकट्या बांधल्या. वाजंत्रीवाला दारात येऊन विचारतो, "ताई, समुद्राच्या वाऱ्यानं संबळ ढिला पडन का?"

मी काय सांगू त्याला, कपाळ?

दिलेलं आवतन परत घेणं म्हणजे भरल्या ताटावरून माणूस उठवणं. ते माझ्यानं होईना. मग मी लोकांना भीती घालायला लागले.

"बोट अशी हालते, अशी हालते, का आतडं तोंडात येते!"

"आमच्या रोहिणखेडच्या बैलगाडीहून जास्त?" आळीतली पार्वताकाकू म्हणाली. "माझ्या माहेरची वाट तू पाह्यली नाई."

"काकू, तिथं लोक रोज मासे खातात!"

हे ऐकून तिचा नवरा आतून बाहेर आला. तोवर तो येणार नव्हता हो! म्हणाला, "मी बी येतो."

"आजी, तिथं झाडाखालून गेलं का अंगावर जळवा पडतात."

"जळवा?" सरूआजीचे डोळे चमकले. "माय वं! वैद्य म्हणे गुडघ्याले जळवा लाव. इकडं भेटूनच नाई राह्यल्या!"

मी घातलेल्या एकेका भीतीनं एकेक घर वाढत गेलं. आणि भ्यालं कोण? मी! बाळूला पाण्याच्या टोपात बसवला तरी मला बोट बुडताना दिसायची.

बाजाराच्या दिवशी बातमी व्याह्यांच्या कानावर गेली. ते धापा टाकत आले.

"मी 'आपणच जाऊ' म्हणलो होतो, ताई! तुम्ही गाव काऊन उठवलं?"

मला रडूच फुटलं. रडत रडत युक्ती सांगितली. म्हटलं, आता लग्न मोडणार. व्याही एवढंच म्हणाले, "रडू नका, पाहतो मी." आणि त्यांनी मुलाला तार केली, "गाव येत आहे. सोय करा."

पुढचं नवरदेवानंच सांगितलं. तार साहेबापुढं ठेवली. हात जोडून न मिळालेली रजा साहेबानं उभ्या उभ्या दिली. एवढं धाड त्यानं त्या बेटावर ठेवायचं कुठं?

नवरदेव आला. लग्न आमच्याच दारात लागलं. आणि चूलबंद आवतन? ते होतंच की! त्या दिवशी गावात एकाही घरातून धूर निघाला नाही. हे माझ्याकडं पाहत होते आणि मी वांग्याच्या भाजीकडं.

सरूआजीला खाटेवर उचलून आणली. "समुद्र बुडवला माझा," म्हणून माझ्यावर फुरंगटली. मग शांताचं तोंड दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ नुसती पाहत बसली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि सगळे ओळखीचे आवाज माझ्या पोरीभोवती उभे राहिले. तिथं मी रडले तर काय चुकलं?

मांडवपरतणीला दोघं धाडला आली आणि इथूनच मलकापूरच्या एसटीत बसली. बाळूला यांच्याकडं देऊन, शांताला नीट बसवायला म्हणून मी वर चढले. पेटी सीटखाली सरकवली. केसांवरून हात फिरवला. "पाण्याजवळ जाऊ नको बरं," म्हटलं, आणि माझं मलाच कळलं, बेटावर पाण्यापासून लांब जाणार कुठं? मग तिच्या गळ्यात पडले. किती वेळ, देव जाणे.

"बाई, कुठलं तिकीट?"

डोकं वर केलं तर गाडी केव्हाच गावाबाहेर! मागं धुळीत हे बाळूला काखेत मारून पळतायत. आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

"एक अंदमान."

कंडक्टर म्हणाला, "गाडी मलकापूरपर्यंत जाते, बाई. तिथून पुढं पोहत जाता का?"

अन् खरं सांगू? मी घटकाभर विचारात पडले.