मणकेबाईच्या नवऱ्याची पाठ

मणकेबाईनं नवऱ्याची अकरा वर्षांची पाठदुखी नुसती मशीन टेकवून एका दुपारात पळवली, अशी गल्लीत एकेकाळी कुजबुज होती. काही भाबडे तर मशीनआधी पाठीला लावतात तो जेल बाटलीभर मिळेल का, म्हणून दारापर्यंत जाऊन आले!

मणकेबाई म्हणजे दवाखान्यात पाठीची सोनोग्राफी करणारी बाई. पेशंटला स्टुलावर बसवायचं, कमरेवर मशीनचा प्रोब टेकवायचा, "वाका, आता ताठ व्हा" म्हणायचं, आणि वाकताना कुठला मणका जागा सोडतो ते पडद्यावर बघायचं. खोटं कण्हणारा आपल्याला दारातूनच कळतो, असा तिचा तोरा.

नवरा फर्निचरच्या दुकानातली कपाटं पोचवायचा. घरी आला की जमिनीवर आडवा.

"आले आमचे सोंगाडे!" बायको पाहुण्यांदेखत म्हणायची. "कपाट म्हटलं की पाठ मोडते, ताट वाढलं की सरळ होते!"

पाहुणे हसायचे. तोही हसायचा, न हसून करतो काय?

शेवटी मालकच म्हणाला, "पाठ तपासल्याचा कागद आण, बसून काम देतो." तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीनं त्याला ओढतच मणकेबाईच्या खोलीत नेलं.

"बघ गं बाई एकदाचं. आणि खरं निघालं तर?"

"तर नाक कापून तुमच्या हातात देईन, ताई!"

दारातल्या नर्सबाया खिदळल्या.

तो शर्ट वर करून बसला. पडदा पाठीमागे, समोर नुसती भिंत. "वाका." वाकला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. "ताठ व्हा. पुन्हा." तिसऱ्यांदा वाकला तेव्हा पाठीवरचा तिचा हात थबकला. 'सरकलाय' एवढा एकच शब्द तिच्या तोंडून ऐकायला तो अकरा वर्षं थांबला होता.

"काय गं?" ताईंनी विचारलं.

"काय असणार? ठणठणीत! पाठ पुसा आणि कपाटं उचला."

नर्सबायांनी टाळ्या पिटल्या. ताईंनी मान खाली घातली.

त्यानंतर तो घरी कधी कण्हला नाही की आडवा झाला नाही. मालकानं त्याला तीनदारी कपाटांवर लावलं. वर्षभरात डावा पाय फरफटायला लागला. बायको म्हणाली, "हे नवं नाटक!" तो हसला.

पाठ बरी झालीच नव्हती. तिसऱ्यांदा वाकताना कमरेतला मणका सरकला होता, आणि तो मणकेबाईनं पाहिला होता.